बेडकाची भीती मोजताना

नर बेडूक ओरडायला लागला की त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन फुगे येतात. हे मी वर्गात तक्त्यावर छडी टेकवून शिकवायचे. आणि तो ओरडतो कशासाठी, हे सांगायची वेळ आली की "उरलेलं घरी वाचा" म्हणून फळा पुसायला लागायचे. बी.एस्सी.च्या पोरांपुढे 'मीलन' हा शब्द काढताना माझ्या कानाच्या पाळ्या तापत. पोरं मागच्या बाकावर हसायची आणि मला वाटायचं, आपल्या पाठीला खडू लागलाय. अशा या सोवळ्या बयेनं एम.फिल.ला विषय घेतला तो नर बेडकांच्या मीलनाच्या हाकांचा. घेतला कसला, पदरात पडला.

तेव्हा माझं वय छत्तीस. नव्वदीची पहिली काही वर्षं. कडेगावच्या पुढं उसाच्या पट्ट्यात एक कॉलेज नवीन निघालं होतं, तिथं मी प्राणिशास्त्र शिकवत होते. नेमणूक तात्पुरती. जूनला ऑर्डर, एप्रिलला सेवा समाप्त. मधले दोन महिने मी स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखी वावरायचे, पंखा लावतानाही विचारायचे. मग एकदा प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, पुढच्या जूनपर्यंत एम.फिल. हातात पडलं तर जागा तुमचीच. नाही तर जाहिरात द्यावी लागेल. माझा नाइलाज आहे."

मी "हो सर" म्हणून बाहेर आले आणि एकाच वर्गाला लागोपाठ दोन तास एकच धडा शिकवला. पोरांनी मुकाट्यानं ऐकून घेतला. दुसऱ्या तासाला तर काहींनी टिपणंही काढली.

माझे मार्गदर्शक सर सांगलीला असायचे. बोलायला मृदू, पण आकड्यांच्या बाबतीत कडक. त्यांनी विषय समजावून सांगितला तो मला अजून त्यांच्याच शब्दांत आठवतो. "हाका मारणं फुकट होत नाही. नर तासन्‌तास ओरडतो, कारण जो जास्त ओरडतो त्याच्याकडे मादी येते. पण त्यात त्याची सगळी शक्ती जाते, रक्तातला ताणाचा हार्मोन वाढतो. तो हार्मोन फार वाढला की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं बळ कमी होतं. म्हणजे सगळ्यात मोठ्यानं गाणारा सगळ्यात आधी आजारी पडतो का, एवढंच आपल्याला बघायचंय."

म्हणजे तीन गोष्टी मोजायच्या: हाका किती, रक्तात हार्मोन किती, पांढऱ्या पेशी कोणत्या आणि किती. हाका मी कानांनी मोजणार, पेशी कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली. हार्मोनची तपासणी पुण्यात सरांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत होणार. शेवटी सरांनी एक नियम घालून दिला.

"बेडकाला जाळं लागलं की तो घाबरतो, आणि घाबरला की तोच हार्मोन सरसर चढतो. म्हणून पकडल्यापासून तीन मिनिटांच्या आत रक्त निघालं पाहिजे. नाही तर तुम्ही त्याच्या गाण्याचा ताण मोजणार नाही, तुमच्या हाताचा मोजाल."

मी ते वहीत उतरवलं आणि खाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली. पुन्हा एकदा त्याच रेघेवरून ओढली. मी अशी. रेघा मारण्यात हुशार.

बेडूक शोधायला लांब जावं लागलं नाही. कॉलेजपासून एस.टी.नं पंधरा मिनिटांवर लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांची जुनी दगडी विहीर होती, आत उतरायला पायऱ्या असलेली. पाण्यावरून टप्पे खात पळणाऱ्या जातीचे बेडूक तिथं पुष्कळ. ते बाकीच्यांसारखे चार सरींपुरते ओरडत नाहीत, पाणी असेतोवर महिनोन्‌महिने चालू असतात, आणि तेही दिवसाउजेडी. माझ्यासारख्या सहा वाजले की घराकडे बघणाऱ्या बाईला यापेक्षा सोयीचा प्राणी मिळाला नसता.

हवालदारांना मी सांगितलं, "मला बेडकांच्या आवाजाचा अभ्यास करायचाय."

"कसला आवाज?"

"असाच. म्हणजे... ध्वनी."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आवं बाई, बायकूला बोलावत्यात म्हना की सरळ. आमी काय ल्हान हाय व्हय?"

मी छत्री उघडली. पाऊस नव्हता.

कुठला नर किती ओरडला हे कळायचं तर प्रत्येकाला ओळखायला हवं. म्हणून मी शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे आणून प्रत्येकाच्या कमरेला सैल गाठ मारली. हवालदारांनी ते बघितलं आणि विहिरीच्या काठावरूनच घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, ये बघायला! बाईंनी बेडकास्नी करदोडं बांधल्यात!" त्या दिवसापासून ते बेडूक त्यांचेही झाले. मी पोचायच्या आत ते वरच्या पायरीवर बसलेले असायचे, अहवाल द्यायला तयार.

"हिरवा करदोडा आज फुल फॉर्मात हाय. निळा सकाळधरनं वरडून वरडून दमला, पर एक बी फिरकंना त्याच्याकडं. आमच्या कंपनीत बी असाच एक गडी हुता. दिसभर गानी म्हनायचा, पत्र एक बी येत न्हवतं."

मी हसू दाबून वहीत रेघा ओढायचे. दहा मिनिटांत किती हाका, त्याच्या रेघा. मग हवालदार जाळीनं तो नर उचलणार, मी बारीक काचनळीत दोन-चार थेंब रक्त घेणार, एक थेंब काचपट्टीवर पसरणार, हातानं फिरवायच्या यंत्रात उरलेलं फिरवून वरचं पाणी वेगळं काढणार, ते बर्फाच्या थर्मासमध्ये. बेडूक परत पाण्यात. धरून सोडलेला नर त्या संध्याकाळी पुन्हा तोंड उघडत नसे. पायरीच्या कडेला गप्प बसून राहायचा. मला त्याचं वाईट वाटायचं, पण एस.टी. आठला असायची आणि ती शेवटची.

आता चहाचं सांगते.

पहिल्याच संध्याकाळी दुसरा बेडूक हातात असताना हवालदारांच्या मंडळी, मी त्यांना वहिनी म्हणायचे, घरातून हाक मारत्या झाल्या. "बाई, चहा झालाय. आत या." मी हात धुतले आणि गेले. त्यांनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि कपबशी दिली. पांढरी, कडेला निळी नक्षी. तसल्याच कपात त्यांनी स्वतःला ओतला, तसल्याच कपात हवालदारांचा बाहेर पाठवला.

आमच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला तो मी जन्मायच्या आधी. पण गावातल्या लोकांनी ते मनावर घ्यायला बराच वेळ घेतला. माझे वडील याच भागात ज्यांच्या रानात कामाला जायचे त्यांच्याकडे वडिलांचा कप वेगळा होता. गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला, कान तुटलेला. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झालं की स्वतःच विसळून पुन्हा पालथा घालायचा. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा मला तो कप फार आवडायचा, कारण तो आमचा एकट्याचा होता. एवढी मी हुशार.

आणि आता वहिनींच्या चुलीपुढं, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच कपात. त्यांना माझं आडनाव ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं. या भागात तेवढ्यावर सगळं कळतं. तरी त्यांनी मला आत बोलावलं होतं. तो चहा "नंतर घेते" म्हणून निवू द्यायचा? माझी जीभच वळली नसती. मी बशीत ओतून सावकाश प्यायले. मग वहिनी बोलायला लागल्या. त्यांची लेक कुठं दिलीय, कॉलेजात मुली किती, मला मुलं किती. अर्धा तास गेला.

माझी एस.टी. चुकू नये म्हणून हवालदारांनी तोवर बाकीचे बेडूक धरून ओल्या पोत्यात घालून ठेवले. मी बाहेर आले तर म्हणाले, "बाई, नऊ जवान हजर!" आणि मी, लाल रेघवाली, काय केलं असेल? एकेक बेडूक पोत्यातून काढला, घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: पकडल्यापासून दोन मिनिटं. कारण माझ्या मते पोत्यातून काढणं म्हणजेच पकडणं. हे मी मुद्दाम केलं नाही. मला खरंच तसं वाटलं. इतकं सोयीचं खरं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

पुढं तीन महिने तसंच चाललं. जायचं, मोजायचं, चहा, पोतं, रक्त, एस.टी.

या काळात मी नीट झोपले नाही. जूनचा विचार रोज पहाटे चारला येऊन मला उठवायचा. केसांचा पुंजका फणीत राहायचा. तोंड आलं, ते बरं होईना. वरण गिळतानाही डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, "ताण घेऊ नका." मी त्यांना ताणाचा हार्मोन आणि पांढऱ्या पेशी यांवर दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आमचे हे प्राथमिक शाळेत गुरुजी होते. स्वभाव थंड. ते म्हणाले, "तू बेडकांचं रक्त काढतेस की बेडूक तुझं काढतायत, कळंना."

सप्टेंबरच्या शेवटी पुण्याहून हार्मोनचे आकडे आले. ते बघून सरांनी मला थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोन केला. आवाजात इतका आनंद की मला वाटलं चुकीच्या माणसाला लावला. "फार वर गेलेत हो आकडे! काही नर तर दुप्पट, तिप्पट. प्रबंधाचं काम झालं समजा. टायपिस्ट बघून ठेवा." प्राचार्य समोरच बसले होते. त्यांनीही मान डोलावली. त्या संध्याकाळी मी मुलांना जिलेबी आणली आणि स्वतः खाल्ली नाही, तोंड झोंबत होतं म्हणून.

पुढच्या रविवारी दुपारी मी आकडे घेऊन बसले. मुलं शेजारी खेळायला गेली होती, हे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. तक्ता करायचा होता: एका रकान्यात हाका, दुसऱ्यात हार्मोन, तिसऱ्यात पेशी. पहिली गोष्ट खटकली ती पेशींची. ताण महिनाभराचा असेल तर पेशींचं प्रमाण बिघडायला हवं. ते व्हायला बरेच तास, कधी दिवस लागतात. हार्मोन मात्र मिनिटांत चढतो. माझ्या बेडकांचा हार्मोन आभाळाला भिडलेला आणि पेशी मात्र ठणठणीत. म्हणजे हा ताण त्यांना नुकताच झालेला होता. अगदी थोड्या वेळापूर्वी.

दुसरी गोष्ट दिसली ती क्रमांकांची. मी बेडकांना क्रमांक दिले होते, ज्या क्रमानं रक्त काढलं त्या क्रमानं. प्रत्येक संध्याकाळी एक नंबरचा आकडा खाली. दोन नंबर जरा वर. तीन, चार, पाच चढत चढत जाऊन दहा नंबरचा बेडूक सगळ्यांत वर. कोण किती ओरडला होता याच्याशी काही संबंध नाही. ज्यानं दहा मिनिटांत एकदाच घसा खाकरला होता, तोही नववा असेल तर टोकाला.

फक्त दोन संध्याकाळी सगळे आकडे सपाट आणि खाली होते. मी तारखा बघितल्या. नागपंचमीच्या आसपासच्या. मग आठवलं. पंचमीला वहिनी माहेरी गेल्या होत्या. हवालदार म्हणाले होते, "बाई, आज चहा न्हाई हं, मालकीन न्हाई घरात." त्या दोन दिवशी आम्ही एकेक बेडूक धरून तिथंच रक्त घेतलं होतं. पोत्याची गरजच पडली नव्हती.

म्हणजे मी तीन महिने ओल्या पोत्यात कोंडलेल्या जिवाची भीती मोजत होते, आणि तिला गाण्याचा ताण असं नाव देऊन सरांकडे पाठवत होते.

मी यांच्या तोंडावरचं वर्तमानपत्र उचललं. सगळं सांगितलं. ते उठून बसले, चष्मा लावला, तक्ता बघितला. गणित शिकवायचे, त्यांना लगेच कळलं.

"सरांना सांग."

"सांगितलं तर जून गेला."

"न सांगता दिलंस तर?"

"तर कुणाला कळणार नाही."

"मग तुला जागा मिळंल," ते म्हणाले आणि मुलांना हाका मारायला बाहेर गेले. मला त्यांचा फार राग आला. माणसानं हो म्हणावं किंवा नाही तरी म्हणावं.

पुढचे पंधरा दिवस आठवले की मला स्वतःचं हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. मी सांगायला म्हणून सांगलीला गेले. सरांच्या घरी बसले, कृष्णेला पाणी किती आलंय याबद्दल बोलले आणि परत आले. दुसऱ्यांदा गेले तर सर बाहेरगावी. मला इतकं हलकं वाटलं की स्टँडवर तिखट भडंग घेऊन खाल्लं, तोंड आलेलं असताना. येताना पूर्ण प्रवासभर तोंड उघडं ठेवून बसले होते. समोरच्या बाईनं पोरीला माझ्यापासून लांब ओढलं.

इकडे टायपिस्टनं पहिलं प्रकरण टाइप करून दिलं. सुरेख, तीन प्रतींत. त्यातलं 'तीन मिनिटांच्या आत' हे वाक्य वाचलं आणि तिन्ही प्रती कपाटात कपड्यांखाली घातल्या.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा दारातच सांगून टाकलं. चप्पल पायातच होती. सर म्हणाले, "आत या, बसा, नीट सांगा." मी तक्ता दाखवला. पोतं सांगितलं. ते क्रमांकांवरून बोट फिरवत गेले आणि दहावर येऊन थांबले.

"पण पोत्यात का ठेवले? एकेक धरायचं ठरलं होतं ना?"

"मी घरात होते. चहाला."

"रोज?"

"रोज."

"अहो, मग नको म्हणायचं. चहाच तो!"

इतकं सहज म्हणाले. त्यांच्या जागी ते खरंही होतं. त्यांना जन्मात कुणी चहा वरून ओतला नसणार. मी मान खाली घालून 'चुकलं' म्हणणार होते, ते माझ्या सवयीचं. पण त्या दिवशी माझी भीती संपून गेली होती, उरलीच नव्हती. मी वडिलांच्या कपाचं सांगितलं. कोनाडा, तुटका कान, सगळं. मग वहिनींच्या स्वयंपाकघराचं. "त्या बाईंना मी एकदा जरी नको म्हटलं असतं सर, तर पुन्हा आत बोलावलं असतं की नाही, मला माहीत नव्हतं. अजून नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. मोठं वाक्य काही बोलले नाहीत, तेवढं बरं केलं. शेवटी म्हणाले, "प्रत्येक दिवसाचा पहिला बेडूक आणि पंचमीचे दोन दिवस, एवढेच ठेवा. बाकी सगळे काढून टाका. किती उरतात?"

मी मोजले. त्यावर प्रबंध उभा राहिला नसता.

"आणखी किती दिवस ओरडतील?"

"विहिरीत पाणी आहे तोवर थोडेफार ओरडतात. दिवाळीनंतर कमी होतील."

"मग इथं काय करताय? जा."

"पण सर, जून..."

"जूनचं मी काही करू शकत नाही," सर म्हणाले. नाइलाज हा शब्द त्यांनी वापरला नाही.

आता सरांपेक्षा अवघड काम राहिलं होतं. एस.टी.त बसून मी वाक्यं जुळवत गेले. वहिनी, राग मानू नका. वहिनी, डॉक्टरांनी चहा बंद केलाय. हे दुसरं बरं वाटलं, तोंडही आलेलं होतं. पण तिथं पोचले, त्यांनी दारातून "आलासा बाई?" म्हटलं, आणि माझ्या तोंडून सरळ बाहेर पडलं, "वहिनी, मला आता चहा नको."

त्यांचा चेहरा उतरला. पदर सावरत म्हणाल्या, "का? आमचं काय चुकलं का?"

झालं, असं वाटलं मला. मी पायरीवरच बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बेडूक पोत्यात घाबरतो, घाबरला की रक्त बदलतं, मी आत असताना ते पोत्यात असतात. हवालदार हातातली जाळी टाकून ऐकत होते.

"म्हंजे माझ्यामुळं?" त्यांचा आवाज खाली आला. "म्या पोत्यात घातली म्हून? आवं, म्या तर तुमची यष्टी चुकू नये म्हून..."

"तुमचं काही नाही. मी सांगायला पाहिजे होतं."

वहिनींना मात्र भलतंच काही सुचत होतं. "मग आंदी बेडकं करा की. चहा मागनं घ्या. म्या तवर आदान ठिवत न्हाई."

"पण मग एस.टी...."

"यष्टी गेली तर जाऊ दे. ह्यांची फटफटी कशाला हाय? सोडत्याल कालिजापतोर. व्हय वो?"

"व्हय की!" हवालदार म्हणाले.

एवढंच. तीन महिने, तिप्पट आकडे, फणीतले केस, सांगलीच्या तीन खेपा, आणि उत्तर होतं ते एवढं. मी त्यांना आधीच विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी मिळालं असतं. पण विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. वहिनींनी दार किती उघडं ठेवलंय हे मी कधी ढकलून बघितलंच नव्हतं, फटीतून अंग चोरून जात होते. याबद्दल मी त्या छत्तीस वर्षांच्या बयेला पुष्कळ बोलते. पण पूर्ण दोष देत नाही. तिनं फटीच बघितल्या होत्या.

मग दिवाळीपर्यंत, आणि नंतर नर कमी होत गेले तरीही, आम्ही काम चालू ठेवलं. एक नर, एक जाळी, तिथंच रक्त. हवालदार हातात घड्याळ धरून मिनिटं ओरडून सांगायचे, कवायतीसारखी. अंधार पडायच्या आत जेवढे होतील तेवढे. एके दिवशी फक्त एकच मिळाला.

पुण्याचे आकडे यायला मार्च उजाडला. जास्त ओरडणाऱ्या नरांचा हार्मोन थोडा जास्त निघाला. थोडाच. पांढऱ्या पेशींत फरक दिसतोय असं वाटायचं, पण छातीठोकपणे म्हणता येईल इतका नाही. पहिल्या खेपेच्या आकड्यांपुढं हे अगदी मिळमिळीत. टायपिस्टला पहिलं प्रकरण पुन्हा करायला लावलं तेव्हा तो म्हणाला, "मागचं जास्त जोरदार होतं, बाई." मी त्याला म्हटलं, "हो, म्हणूनच." प्रबंधात एक पान जादा घातलं: पहिल्या तीन महिन्यांत काय चुकलं आणि कसं कळलं. चहाचा उल्लेख 'क्षेत्रीय अडचणी' असा केला. इतकी भीती शिल्लक होती.

तोंडी परीक्षा जुलैत झाली. बाहेरच्या परीक्षकांनी ते जादा पान उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. "हे घातलंत कशाला? न घालताही चाललं असतं."

"हो सर," मी म्हटलं. ते हसले आणि सही केली.

पण जून गेला होता. जागेची जाहिरात आली होती, आणि मी माझ्याच जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीला आम्ही पाच जण कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. रोज याच व्हरांड्यातून मी हजेरीपट घेऊन जायचे. शिपाई मला पाणी द्यायला आला आणि उमेदवारांत बसलेली बघून ग्लास कुणापुढं धरावा त्याला कळेना. शेजारी कऱ्हाडहून आलेली एक पोरगी होती, ओठ सुकलेले, फाइल छातीशी धरलेली.

"मॅडम, फार अवघड विचारतात का हो?"

"विचारत नाहीत काही. नुसते बघतात."

ती आणखीच घाबरली. मला वाईट वाटलं, पण बोलून गेले होते. मग तिला सांगितलं की बेडकाला तीन मिनिटं कळत नाही आपल्याला धरलंय, तेवढ्यात उत्तरं देऊन टाक. तिला काही कळलं नसणार, पण हसली.

आत प्राचार्य होते, संस्थेचे दोन जण होते, विद्यापीठाचे एक. त्यांनी प्रबंध उलटून पालटून बघितला. विद्यापीठवाल्यांनी विचारलं, "या सगळ्यातून सिद्ध काय झालं?"

"फारसं काही नाही," मी म्हणाले. "जास्त ओरडणाऱ्याला थोडा ताण असतो. धरलेल्याला खूप."

प्राचार्यांनी टेबलाखाली पाय हलवला. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. मी बाहेर आले आणि ठरवलं की हे गेलं. घरी येऊन मुलांच्या वह्यांना कव्हरं घातली. यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "नुसतं बघितलं."

आठ दिवसांनी शिपाई लिफाफा घेऊन घरी आला. मी उंबऱ्यातच फोडला. नेमणूक झाली होती. पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला. 'कायम' हा शब्द शोधत होते, तो कुठंच नव्हता. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: दोन वर्षं परिवीक्षाधीन, काम समाधानकारक न वाटल्यास कोणतंही कारण न देता सेवा समाप्त करण्यात येईल.

"मिळाली का?" आतून यांनी विचारलं.

"मिळाली."

"मग आता तरी झोप गप."

मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून पुढच्या दोन वर्षांचे महिने बोटांवर मोजायला लागले.